टाचणी आयर्लंडची, गाठ आपली

तिसगाव (ता. पाथर्डी) : बाजारच्या दिवशी येथील एका सराफी पेढीवर, काचेच्या कपाटामागे, गिऱ्हाइकाच्या नजरेस सहसा न पडणारी एक पितळी परात ठेवलेली असते. तिच्यात ‘मोड’ साठते. मोड म्हणजे मोडीत निघालेला दागिना. ज्याची घडणावळ आता धरायची नाही, केवळ वजन करायचे. प्रस्तुत प्रतिनिधीने पाहिले त्या दिवशी परातीत एकुलते एक जोडवे, दोन मासोळ्या, तान्ह्या बाळाचा चेपलेला वाळा, मधोमध तोडलेली चांदीची सरी आणि एक नक्षीदार छल्ला एवढे जिन्नस होते. सगळे मिळून पाव किलोही भरले नसते.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात पुण्यातील एका परिचितांच्या घरी वेगळाच दागिना पाहण्यात आला. त्यांच्या महाविद्यालयीन कन्येने इंटरनेटवरून एक ‘सेल्टिक’ ब्रोच मागवला होता. गोल कडे, त्यावर एकमेकांत गुंतलेल्या रेषांची गाठ आणि आडवी टाचणी. डबीत एक चिठ्ठीही होती. या गाठीला आदि नाही आणि अंत नाही, सबब ती चिरंतन प्रेमाचे प्रतीक आहे, असे तिच्यावर छापलेले होते. तिसगावात, ज्याचा अर्थ घरच्या माणसांना ठाऊक होता असा दागिना कोणी काही न विचारता परातीत पडला होता. आणि पुण्यात आयता छापील अर्थ डबीत घालून विकला गेला होता. दागिन्याला अर्थ येतो कोठून आणि तो जातो कोठे, हा प्रश्न या दोन दृश्यांमुळे पडला. त्याचा मागोवा घेताना आधी थोडे दूर, आयर्लंडपर्यंत जावे लागेल.

कड्यात अडकणारी टाचणी

ब्रोच म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे जुन्या छायाचित्रांतील स्त्रियांच्या खांद्यावरचा शोभेचा तुकडा येतो. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील जुना ब्रोच मात्र आधी अवजार होता आणि मग दागिना. तो प्रदेश पावसाचा आणि थंडीचा. अंगात लिननचा लांब झगा आणि त्यावर ‘ब्रॅट’ नावाचा लोकरीचा मोठा चौकोनी कपडा, असा तेथील प्रतिष्ठितांचा पेहराव होता. न शिवलेला, बटण नसलेला हा जड कपडा अंगावर टिकवायचा तर तो कुठे तरी टाचणे भाग होते.

त्यासाठी निघालेली युक्ती अतिशय साधी आहे. धातूचे एक कडे घ्यायचे. मात्र ते पूर्ण न जोडता एका ठिकाणी फट ठेवायची. कड्याहून लांब अशी टाचणी घेऊन तिचे डोके कड्याभोवती वळवायचे, म्हणजे ती कड्यावर मोकळेपणाने सरकते. कपड्याचे दोन थर एकत्र घेऊन टाचणी त्यांतून आरपार काढायची, तिचे टोक फटीतून वर घ्यायचे आणि कडे थोडेसे फिरवायचे. आता टोक कड्यावर टेकते आणि कपड्याच्या स्वतःच्याच ओढीने टाचणी अडकून बसते. ना स्प्रिंग, ना आटे. लोकर जितकी जड, तितकी पकड घट्ट.

या साध्या कांस्याच्या कड्याचे पुढे काय झाले, ते सर्व समाजांत होते तेच. ज्याच्याकडे संपत्ती त्याचे कडे मोठे, टाचणी लांब. फटीच्या दोन्ही टोकांना रुंद पाती आली, पात्यांवर सोन्याच्या तारेची नक्षी आली, अंबर आणि रंगीत काच जडवली गेली. इसवी सनाच्या आठव्या शतकापर्यंत खांद्यावरचा ब्रोच पाहून समोरचा माणूस कोणत्या दर्जाचा, हे ओळखता येऊ लागले. जुन्या आयरिश कायद्याच्या ग्रंथांत आणि त्यांवरील टीकांत, कोणत्या दर्जाच्या घरातील मुलाने कोणत्या धातूचा ब्रोच वापरावा, याचे उल्लेख येतात. त्याच कायद्यात आणखी एक मजेदार तरतूद आहे. पुरुषाने ब्रोच खांद्यावर लावावा, स्त्रीने छातीवर. आणि टाचणीचे टोक वाजवीपेक्षा अधिक बाहेर आल्याने कोणास इजा झाली, तर दोष लावणाऱ्याचा. गर्दीत लांब टाचण्या मिरवणाऱ्या प्रतिष्ठितांचा उपद्रव बराच असावा, असे यावरून दिसते.

आयर्लंडमधील मोनॅस्टरबॉइस येथे सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचा एक उंच दगडी क्रूस आहे. त्यावरील एका चौकटीत येशूला अटक होतानाचा प्रसंग कोरलेला असून, शिल्पकाराने येशूच्या खांद्यावर चक्क आयरिश ब्रोच दाखवला आहे. शिपायांच्या मध्ये उभा असलेला पुरुष सामान्य नव्हे, हे तेथील निरक्षर भाविकास एका दृष्टिक्षेपात कळावे, हाच त्यामागील हेतू असणार. आपल्याकडील चित्रकार वनवासातील रामाच्याही अंगावर अलंकार ठेवतात, त्याचीच ही आयरिश आवृत्ती म्हणता येईल.

आपल्याकडे टाचणी का नाही?

महाराष्ट्राच्या पारंपरिक दागिन्यांची यादी लांबलचक आहे. नथ, बुगडी, कुडी, ठुशी, वज्रटीक, चिंचपेटी, तन्मणी, बोरमाळ, मोहनमाळ, सरी, वाकी, गोठ, तोडे, पाटल्या, कमरपट्टा, पैंजण, जोडवी, विरोद्या. मात्र या यादीत वस्त्र टाचणारा दागिना जवळपास नाहीच. याचे कारण आपल्या नेसण्यात आहे. नऊवारी लुगडे स्वतःलाच धरून ठेवते. कमरेची गाठ, निऱ्या, ओचा, मागे खोचलेला काष्टा एवढ्यावर दिवसभर शेतात वाकून काम केले तरी ते सुटत नाही. धोतराचेही तेच. शिवलेल्या वस्त्रांत बाराबंदी आली, तीही बटणांची नव्हे तर बंदांची. बंद बांधायचे, टाचायचे नाहीत.

आयरिश ब्रॅटचा खराखुरा भाऊबंद आपल्याकडे आहे तो म्हणजे घोंगडी. धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची, काळी, जाडभरडी, पाऊस अंगावरून निथळू देणारी. नगरच्या मेंढपाळांच्या खांद्यावर ती आजही दिसते. तिचीही गंमत अशी, की ती खांद्यावर टाकली जाते, अंगाभोवती गुंडाळली जाते, पावसात खोळ करून डोक्यावरून घेतली जाते, पण टाचली जात नाही. रात्री तीच अंथरायची असते, तीच पांघरायची असते, कोकरू आजारी पडले तर तिच्यातच बांधायचे असते. दहा कामांच्या वस्त्राला एका जागी खिळवून ठेवणे परवडणारे नव्हते.

ब्रोच आपल्याकडे आला तो इंग्रजी अमदानीत, पोलके आणि पाचवारी साडीबरोबर. सत्येंद्रनाथ टागोर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी या १८६४ च्या सुमारास मुंबईस आल्या. येथील पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत पाहून त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली आणि ती बंगालमध्ये रूढ केली, हे प्रसिद्धच आहे. खांद्यावर ब्रोच लावणे हा त्या पद्धतीचा भाग होता. सुशिक्षित मराठी घरांतही पुढे ब्रोच दिसू लागले. परंतु तो पाहुणाच राहिला. त्याची जागा लवकरच त्याच्या गरीब चुलत भावाने घेतली. अमेरिकेतील वॉल्टर हंट यांनी १८४९ मध्ये सेफ्टी पिनचे पेटंट घेतले. आज मराठी स्त्रीच्या हातातील बांगडीला किंवा मंगळसूत्राला अडकवलेल्या दोन-तीन पिना, हाच आपला खरा ब्रोच. त्यास कोणी दागिना म्हणत नाही, एवढेच.

वस्त्र टाचण्याचे काम नाही, तरीही आपले दागिने काही ना काही धरून ठेवतातच. मात्र ते वस्त्रापेक्षा नाजूक असते.

किल्ल्या, शब्द आणि पूर्वज

परातीतील छल्ल्यापासूनच सुरुवात करू. नव्या पिढीतील अनेकींनी तो पाहिलेलाही नसेल. छल्ला म्हणजे कमरेला खोचण्याचा चांदीचा आकडा. वरच्या भागावर मोर, कमळ किंवा वेलबुट्टी, खाली कडी आणि कडीत घरच्या किल्ल्या. कणगी, कोठार, कपाट, दागिन्यांची पेटी या साऱ्यांच्या चाव्या एका कमरेला. चालताना त्यांचा आवाज येई आणि घरातील कारभारीण कोण, हे पाहुण्यास सांगावे लागत नसे. सासूने आपल्या कमरेचा छल्ला काढून सुनेच्या हाती देणे हा एक प्रकारचा राज्यारोहणाचाच प्रसंग असे. उपयोग आणि मान एकाच वस्तूत असणारा हा आपला दागिना आयरिश ब्रोचच्या सर्वांत जवळचा आहे.

मंगळसूत्राबद्दल सांगावयास हवे असे नाही. दोन वाट्यांपैकी एक माहेरची, एक सासरची. काळे मणी दृष्ट लागू नये म्हणून, हे घरोघरी ठाऊक असते. जोडव्यांची, विरोद्यांची आणि मासोळ्यांची भाषाही विवाहाचीच. मासा हे सुफलतेचे चिन्ह. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या पाथर्डीसारख्या तालुक्यात बोटाबोटांत मासोळ्या असाव्यात, हे पाहून मन थोडे थबकते. पायात सोने घालायचे नाही, कारण ते लक्ष्मीचे रूप. म्हणून कमरेखाली चांदी. हा नियम इतका अंगवळणी पडला आहे, की तो नियम आहे हेच विसरायला होते.

बंजारा स्त्रीच्या अंगावरील अलंकार तर अक्षरशः वाचता येतात. दंडावरील पांढऱ्या चुड्यांची रांग आणि कानशिलांवर केसांत गुंफलेली चांदीची घुगरी ही तिच्या विवाहित असण्याची खूण. वैधव्य आले की ती उतरते. अर्थ जाणणाऱ्यास लांबूनच कळते, विचारून दुखवावे लागत नाही.

टाकाची गोष्ट आणखी वेगळी. खंडोबा, भवानी, भैरव आणि घरातील वीर यांचे ठशावर ठोकून उठवलेले चांदीचे छोटे पत्रे देव्हाऱ्यात असतात. टाक झिजला, नाकडोळे दिसेनासे झाले, की सोनाराकडून नवा करून घ्यायचा आणि जेजुरीला देवभेटीस न्यायचा. त्याशिवाय तो देव होत नाही, केवळ चांदी राहते. अनेक घरांत एक प्रथा अशीही होती, की पहिली पत्नी निवर्तल्यावर आलेल्या दुसरीने पहिलीच्या नावाचा लहानसा टाक गळ्यात घालावा. सवतीला गळ्यात बांधून संसार करावयाचा. गेलेली नाराज राहू नये, हा त्यामागील भाव. आज हे ऐकताना अंगावर काटा येतो. पण गेलेल्या स्त्रीची घरातील जागा पुसली जाऊ नये, अशीही एक धडपड त्यात असावी, असे प्रस्तुत प्रतिनिधीस वाटते.

आणि तिसगावात बसून दागिन्यांवर लिहायचे तर मढीला गेल्यावाचून कसे चालेल? तिसगावपासून जवळच असलेल्या मढी येथे कानिफनाथांची संजीवन समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तेथे यात्रा भरते. रंगपंचमीचा दिवस मुख्य. राज्यभरातील भटक्या समाजांची येथे गर्दी होते, गाढवांचा बाजार भरतो. कानिफनाथांचा जन्म हत्तीच्या कानातून झाला, अशी नवनाथांच्या कथांत आख्यायिका आहे, आणि नाथपंथाची सर्वांत ठळक खूणही कानातच आहे.

आपण कान टोचतो तो पाळीला. कानफाट्या योग्याचा कान चिरला जातो तो मधल्या जाड भागात, कूर्चेत. दीक्षेच्या वेळी गुरू दुधारी सुरीने ही चीर देतात. जखम भरली की तिच्यात मोठे कुंडल घातले जाते. त्यास मुद्रा किंवा दर्शन असेही म्हणतात. ते गेंड्याच्या शिंगाचे, काचेचे, हस्तिदंताचे किंवा साध्या मातीचेही असू शकते. दीक्षा घेतली, पण कान चिरला नाही, अशा साधूस ‘औघड’ म्हणतात; तो अजून पूर्ण नाथ नव्हे. कान फाटून कुंडल निसटणे ही पूर्वी भयंकर आपत्ती मानली जाई. अशा योग्यास पंथात स्थान उरत नसे. आयरिश टाचणी कापडातून जाते, ही स्वतःच्या शरीरातून. ब्रोच रात्री काढून ठेवता येतो, कुंडल दिलेल्या शब्दासारखे अंगातच राहते. मातीच्या कुंडलाची बाजारातील किंमत शून्य, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

अर्थाचे जन्मदाते

आता त्या छापील चिठ्ठीकडे वळू. सेल्टिक गाठ चिरंतनाचे प्रतीक असल्याचे जुन्या आयरिश कारागिरांनी लिहून ठेवलेले नाही. त्या काळातील असा एकही लेख उपलब्ध नाही. गुंतलेल्या रेषांची नक्षी रोमन फरशांवर होती, इजिप्तमधील ख्रिस्ती कलेत होती, जर्मानिक टोळ्यांच्या धातुकामातही होती. आयरिश कारागिरांनी ती परमोच्च कौशल्यास नेली, हे निर्विवाद. तिचे ‘अनादि-अनंत’ भाष्य मात्र पुष्कळ नंतरचे आहे.

या नव्या अर्थांचा उगम सापडतो तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात एका सराफाचा मोठा वाटा आहे. १८५० मध्ये आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील बेटीज्‌टाउन येथे एक अप्रतिम ब्रोच सापडला. एका गरीब स्त्रीने तो विकावयास आणला आणि आपल्या मुलांना समुद्रकाठी मिळाल्याचे सांगितले. जमीनमालकाने हक्क सांगू नये म्हणून तिने समुद्राचे नाव घेतले असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे. फिरत फिरत तो डब्लिनमधील वॉटरहाउस नावाच्या जवाहिऱ्याकडे आला. या धूर्त गृहस्थाने त्याचे नाव ‘टारा ब्रोच’ ठेवले. टारा ही प्राचीन आयरिश राजांची टेकडी. ब्रोचचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. पण परकी सत्तेखाली असलेल्या देशास आपल्या राजांची आठवण हवीच होती. ब्रोचच्या प्रतिकृती धडाक्याने खपल्या, मूळ वस्तू राणी व्हिक्टोरियाच्या पाहणीसाठी विंडसरला नेण्यात आली आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात झळकली. १८६८ मध्ये रॉयल आयरिश अकादमीने ती घेतली. ती आयर्लंडबाहेर जाऊ नये, ही विक्रीची अट होती. आज ती डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

सुमारे इ. स. ७०० मधील या ब्रोचची एक गोष्ट मात्र कोणा सराफास रचता आली नसती. त्याची मागील बाजूही पुढच्या इतकीच कोरीव आहे. लावल्यावर ती कापडाला टेकून राहणार, कोणासही दिसणार नाही. ती पाहणार तो घडवणारा आणि लावणारा, दोघेच.

आपण हसण्याचे कारण नाही. कोल्हापुरी साजाचेच पाहा. साजात एकवीस पाने. त्यातील दहा विष्णूच्या दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक व पाचूची आणि एक डोरल्याचे, असा हिशेब आज प्रत्येक पेढीवर ऐकवला जातो. पानांत मासा, कासव, चंद्र, शंख, नाग, बेलपान, वाघनख, भुंगा अशा आकृती असतात; दोन पानांच्या मध्ये जवाच्या आकाराचे मणी. मासा आणि कासव हे अवतार खरेच. परंतु भुंगा आणि वाघनख यांचा मेळ या हिशेबात बसवताना सांगणाऱ्याचीही तारांबळ उडते. वाघनख लहान मुलांच्या गळ्यात दृष्टीसाठी बांधले जाई, हा त्याचा जुना अर्थ अधिक सरळ आहे.

पुतळ्यांच्या माळेची कथा याहून सुरस आहे. ‘पुतळी’ हे मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचे आपल्याकडील नाव. १२८४ पासून पाडल्या जाणाऱ्या या डुकाटवर एका बाजूस संत मार्क आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक, दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या वलयात येशू. व्यापारातून हे शुद्ध सोन्याचे नाणे हिंदुस्थानात आले, त्यावरील उभ्या आकृती म्हणजे आपल्या लोकांस पुतळ्या वाटल्या, आणि ती माळेत ओवली गेली. पुढे येथील सोनारांनीच तशा चकत्या पाडल्या. मंगळागौरीच्या पूजेस बसलेल्या सुवासिनींच्या गळ्यात संत मार्क शेकडो वर्षे सुखाने नांदले. त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही.

म्हणजे नवा अर्थ चिकटणे हा काही गुन्हा नाही. आपल्या दागिन्यांची खरी बोली मात्र पुराणांपेक्षा शेताची आहे, असे म्हणावेसे वाटते. बोरमाळ, जवमणी, तांदळी पोत, चिंचपेटी, लवंगा ही सगळी नावे बांधावरून आणि कोठारातून आलेली. आयरिश कारागिराने पक्षी आणि श्वापदे एकमेकांत गुंफली. आपल्या सोनाराने धान्य ओवले.

टांकसाळीत गेलेली चांदी

हे धान्य गळ्यात असते ते प्रत्यक्षातील धान्य संपेपर्यंत. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमधील गावोगावचे चांदीचे दागिने वितळण्यासाठी मुंबईच्या टांकसाळीकडे येऊ लागले, याची दखल तत्कालीन सरकारी कागदपत्रांत आहे. बांगड्या, सऱ्या, वाळे, कमरपट्टे यांचे रुपये झाले आणि रुपयांची ज्वारी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्यास गेलेली पिढी या भागात अजून आहे. आधी काय विकले आणि शेवटपर्यंत काय राखले, याचा क्रम तिला आजही तोंडपाठ असतो.

आयर्लंडमध्येही हेच घडले. गॉलवे शहरालगतच्या क्लाडा या कोळीवाड्यातील अंगठी जगप्रसिद्ध आहे. दोन हातांनी धरलेले हृदय आणि त्यावर मुकुट, अशी तिची घडण. मैत्री, प्रेम आणि निष्ठा असा अर्थ. ही अंगठी आईकडून मुलीकडे जात असे. १८४० च्या दशकात बटाट्याचे पीक कुजून महादुष्काळ पडला, तेव्हा अमेरिकेचे जहाज गाठण्यासाठी अनेकांनी या अंगठ्या गहाण टाकल्या. त्या सोडवण्यास कोणी परत आले नाही. सराफाने पुष्कळ वाट पाहिली आणि अखेर त्या मुशीत टाकल्या, असे त्या काळचे वृत्तांत सांगतात.

दुष्काळाशिवायही दागिने वितळतात. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने चौदा कॅरटची मर्यादा घातली आणि पिढीजात सोनारांपैकी अनेकांनी हातोडी खाली ठेवली. सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, पण मोडलेली घराणी परतली नाहीत. त्यांच्याबरोबर ठसे गेले. टाकाचा, मासोळीचा, साजाच्या पानाचा ठसा हा त्या त्या गावाचा वेगळा असे. अलीकडे भावाने कळस केला. २०२५ मध्ये चांदी किलोला एक लाख रुपयांच्या पुढे गेली. माळ्यावरच्या गाठोड्यातील आजेसासूच्या सरीकडे घरच्यांचे लक्ष जाणे ओघानेच आले. ऊसतोडीस निघण्यापूर्वीची नड असो, मुलाच्या प्रवेशाचे शुल्क असो, विकणाऱ्यास दोष देण्याचा अधिकार शहरात बसलेल्या कोणासही नाही. दागिना अडीअडचणीसाठीच असतो. हाही त्याचा एक अर्थच आहे, आणि कदाचित सर्वांत जुना.

सराफी व्यवहाराला मात्र बाकीच्या अर्थांशी देणेघेणे नसते. पोकळ दागिन्यातील लाख वजा होते, डाकाची घट धरली जाते, कस लावला जातो. हॉलमार्क शुद्धता सांगतो. ही सरी कोणाची, हा छल्ला कोणी कोणास दिला, यासाठी पावतीवर रकाना नसतो.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने दागिने, अडकित्ते, दिवे जपलेले आहेत. काकासाहेब केळकरांनी दारोदार फिरून वस्तू जमवल्या आणि पुढे संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. पण एका माणसाच्या झोळीत मावणार ते किती? आणि वस्तू वाचली तरी तेवढ्याने भागत नाही, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. प्रवरेकाठच्या नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ पासून उत्खनने झाली. त्यात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली; तांब्याच्या गंजामुळे मण्यांतील धाग्याचा अंशही टिकला होता. मणी आहेत, धागा आहे. ती माळ त्या लेकराच्या गळ्यात कोणी घातली, दृष्टीसाठी की सोबतीसाठी, हे सांगणारे कोणी नाही. तिसगावच्या परातीपाशी नेमके उलटे आहे. सांगणारे समोर बसलेले आहेत आणि वस्तू मुशीत चालली आहे.

मोडीत टाकण्यापूर्वी दागिन्याचे दोन्ही बाजूंनी एक छायाचित्र काढून, त्याचे नाव, कोणत्या गावच्या सोनाराने घडवला, कोणाच्या अंगावर होता आणि तो केव्हा घालत व केव्हा उतरवत, एवढे चार ओळींत लिहून ठेवण्यास खर्च येत नाही. घरातील वृद्धेस विचारावे. तिला नावे ठाऊक असतात. शहरातील दुकानात ज्यास सरसकट ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणतात, त्या एकेका तुकड्यास तिच्याकडे स्वतंत्र शब्द असतो.

परातीतील तो छल्ला त्याच सकाळी आला होता. आणणाऱ्या साठीच्या बाईंनी तो पिशवीतून काढला तेव्हा त्यात तीन किल्ल्या होत्या. सराफाने वजनासाठी हात पुढे केला. ‘थांबा दादा,’ म्हणून त्यांनी एकेक किल्ली सोडवली; त्यातील एक गंजून गेलेली होती, तिचे कुलूप आता घरात नाही, असे त्यांनी आपण होऊन सांगितले. मग बांगडीची सेफ्टी पिन काढून तिन्ही किल्ल्या तिच्यात ओवल्या, पिन पदराच्या आतल्या बाजूस लावली आणि छल्ला काट्यावर ठेवला.